अॅल्युमिनियमच्या भागातले आटे गेले? हेलिकॉइल अशी बसवा

बोल्ट आवळत आणला आणि शेवटी तो एकदम हलका होऊन नुसता फिरायला लागला, की आटे गेले समजायचं. बाहेर काढून पाहा. बोल्टाभोवती चकचकीत तार गुंडाळलेली दिसेल. तेच भोकातले आटे.

गॅरेजात यावर ठरलेला उपाय म्हणजे 'एक नंबर मोठा बोल्ट मारू'. काम भागतं, पण भोकाभोवतालची भिंत पातळ होते आणि वर बसणाऱ्या भागाचं भोकही वाढवावं लागतं. माझ्या मते हेलिकॉइलच बरी. ही स्टेनलेस तारेची आटेदार स्प्रिंग असते. मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा लागतो. मात्र ब्रेक, स्टीअरिंग आणि सीटबेल्टच्या बोल्टांवर घरी प्रयोग नको, तिथे सरळ भाग बदला.

१. माप घ्या. ८ मिमीच्या बोल्टाची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बहुधा १.२५ मिमी असते. १० मिमीत फसगत होते, कारण गाड्यांत १.२५ आणि १.५ दोन्ही सापडतात. पिच गेज नसेल तर बोल्टच घेऊन दुकानात जा.

२. ड्रिल करा. ८ × १.२५ च्या साध्या आट्यांना ६.८ मिमीचं भोक लागतं, हेलिकॉइलला साधारण ८.३ मिमीचं, हेलिकॉइलच्या किटवर लिहिलेलं माप अंतिम माना. खोली मोजून ड्रिलला तेवढ्यावर चिकटपट्टी लावा. भाग सुटत असेल तर काढून उभ्या ड्रिल मशीनवरच धरा. हातानेच करायचं असेल तर दोन बाजूंनी गुण्या लावून पाहा. भोक तिरकं गेलं की पुढचं सगळं तिरकं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

३. टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारा, तोही किटमधलाच. बाजारातला साधा ८ चा टॅप इथे चालत नाही. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की चुरा त्यालाच चिकटतो, इंजिनात पडत नाही. रॉकेलचे दोन थेंब सोडा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. जड लागलं तर जोर करू नका. बाहेर काढा, पुसा, पुन्हा घाला. आत मोडलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, इतका तो कडक असतो.

४. भोक स्वच्छ करून कॉइल फिरवत आत घाला, दाबू नका. वरचा वेढा पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली गेला की थांबा. खालची आडवी शेपटी पंचच्या एका ठोक्याने तुटते. तो तुकडा मोजून बाहेर काढा. भोक आरपार इंजिनात उघडत असेल तर शेपटी नसलेली कॉइलच घ्या.

भोकाची जागाच बदलायची असेल तर आधी जुनं भोक बुजवावं लागतं. नवं भोक जुन्याच्या कडेवर आलं तर ड्रिल घसरून पोकळीत शिरतं. त्यासाठी त्याच धातूचा आटेदार तुकडा लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून घट्ट बसवा, कानशीने सपाट करा. स्टीलचा तुकडा घातला तर ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे पळेल. मग जोडीचा भाग वर ठेवून त्याच्या भोकातून खूण करा आणि पंच मारूनच ड्रिल लावा. जोर पडणारी जागा असेल तर आर्गन वेल्डिंगवाल्याकडून भरून घेतलेलं चांगलं.

बोल्ट आधी हाताने पूर्ण जाऊ द्या, मग टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळा.