व्यापाऱ्याचा मनोरा भोकांवरून वाचावा

इटलीत तस्कनीतल्या सान जिमिन्यानोला गेलात, तर आल्या आल्या मध्ययुगीन व्यापाऱ्यांच्या राहत्या मनोऱ्यांची उंची बघत उभे राहू नका. माझे वडील गवंडी होते. भिंत पायाकडून वर वाचत जायची, असं ते सांगायचे. तिथे मला त्याचा फार उपयोग झाला.

सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, पियात्सा देल्ला चिस्तेर्ना या विहिरीच्या चौकात जा. आधी तळमजला बघा. तिथे दुकान किंवा कोठार असायचं, वर निजायच्या खोल्या आणि स्वयंपाकघर बहुधा सगळ्यात वर, म्हणजे चूल भडकली तरी खालचं घर वाचावं. रोज एवढ्या उंचीवर पाणी चढवणाऱ्या बायका माझ्या मनातून जात नाहीत.

मग भोकं शोधा. ओळीने दिसणारी लहान चौकोनी भोकं परांचीच्या वाशांची. भोकाखाली दगडाचा टेकू पुढे आलेला असेल, तर तिथे लाकडी सज्जाची तुळई बसत असे. अधांतरी दिसणारी दारं या सज्जांवर उघडायची. आतली जागा जाड भिंतींनी खाल्लेली: दोन्ही बाजूंना रचलेला दगड, मध्ये चुन्यातले दगडगोटे. म्हणून घर बाहेर वाढवायचं. कासा काम्पातेल्ली या जुन्या घरात शिरलात, तर पोकळ मनोरा आतून बघता येतो. ते चुकवू नका.

पैसा कुठून आला, हेही ध्यानात असू द्या. रोमला जाणारी यात्रेकरूंची वाट, व्हिया फ्रांचिजेना, गावातूनच जायची आणि इथलं केशर लांबवर विकलं जायचं. आर्दिंगेल्ली आणि साल्वुच्ची घराण्यांचं हाडवैर होतं. मनोरा हे संरक्षणही आणि प्रतिष्ठाही. चढाओढ इतकी वाढली की रोन्योझा या सरकारी मनोऱ्याहून उंच बांधायचं नाही, असा नियम 1255 मध्ये गावाने केला. मनोरे तब्बल 72 होते, असं म्हणतात.

1348 च्या प्लेगने गाव मोडलं, 1353 मध्ये ते फ्लोरेन्सच्या ताब्यात गेलं. पुढे नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनं टिकलं. आज जेमतेम 14 उरलेत.

शेवटी तोर्रे ग्रोस्सा या 54 मीटरच्या मनोऱ्यावर चढा. साल्वुच्चींचे जुळे मनोरे तिथून दिसतात. त्यांची भोकं आता तुम्हाला ओळखता येतील.