अतिदक्षता विभागातील आगीचा व्हीआर सराव: प्रसंग एकत्र बसून कसा रचावा

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला 9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर आग लागून 10 बालके दगावली. त्याच वर्षी विरार आणि अहमदनगर येथील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतही आगीने रुग्णांचे बळी घेतले. अशा प्रसंगाचा हुबेहूब सराव रुग्ण असलेल्या वॉर्डात करता येत नाही, म्हणून व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून अनुभवायचे संगणकीय आभासी दृश्य, उपयोगी पडते. मात्र प्रसंगाची रचना केवळ सॉफ्टवेअरवाल्यांवर सोपवली, तर ज्वाळा देखण्या होतात आणि ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह भलत्याच भिंतीवर जाऊन बसतो.

पहिली बैठक वॉर्डाशेजारीच घ्यावी. रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डबॉय, डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, सुरक्षारक्षक आणि अग्निशमन अधिकारी यांच्यासमोर मजल्याचा कागदी नकाशा पसरावा आणि धूर दिसेल त्या क्षणी आपण कुठे असू, हातात काय असेल, पहिली हाक कोणाला मारू, हे प्रत्येकाला विचारावे. वरिष्ठांनी शेवटी बोलावे. एरवी वॉर्डबॉय मान डोलावून गप्प बसतो, आणि मागच्या दाराला रात्री कुलूप असते हे नेमके त्यालाच ठाऊक असते.

खरा वाद ऑक्सिजनपाशी होतो, आणि तो होऊ द्यावा. पुरवठा चालू ठेवला तर आग भडकते, आणि पर्यायी सोय न करता बंद केला तर व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा जीव धोक्यात येतो. त्यामुळे अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) किंवा सुटा सिलिंडर कोणी लावायचा, कोणाच्या सांगण्यावरून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतील तर काय, हे ठरवूनच प्रसंगातले पुढचे वेगवेगळे पर्यायी मार्ग रचावेत. एकमत होत नसेल तर आधी रुग्णालयाचा नियम पक्का करावा, सॉफ्टवेअर थांबू शकते.

रुग्णांना थेट जिन्याने खाली न नेता, आधी त्याच मजल्यावरील अग्निरोधक दारापलीकडच्या सुरक्षित भागात हलवण्याचा पर्याय प्रसंगात असावा. धूर छताकडून खाली उतरताना दाखवावा. हेडसेटमुळे चक्कर येऊ नये म्हणून सत्रे आटोपशीर ठेवावीत.

रुग्णाचे वजन हेडसेटमध्ये जाणवत नाही. म्हणून चादरीवरून ओढत नेण्याचा सराव प्रत्यक्ष जमिनीवर, पुतळा वापरून वेगळा घ्यावा. पहिली चाचणी बैठकीला नसलेल्या सिस्टरवर करावी. त्या जिथे अडखळतील तिथे लगेच मदत न करता कारण विचारून लिहून घ्यावे आणि पुढच्या बैठकीत तेवढाच भाग दुरुस्त करावा.