आयसोफिक्स नसलेल्या जुन्या गाडीत मुलाची कार सीट पक्की कशी बसवावी

दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या वॅगन आर, आल्टो, सँट्रो किंवा इंडिकासारख्या गाडीत मागच्या आसनाच्या सांध्यात आयसोफिक्सच्या कड्या (कार सीट बेल्टशिवाय थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवण्याची सोय) सहसा नसतात, आणि त्यामुळे आपल्या गाडीत कार सीट बसणारच नाही असे गृहीत धरून अनेक पालक मूल मांडीवर घेऊन प्रवास करतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून साधारण ६० सेंटिमीटर अंतरात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे १६० किलो वजनाइतक्या जोराने पुढे ओढले जाते. तेवढे वजन कोणाच्याही हातांना पेलवणारे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल बेल्टने किंवा बालसुरक्षा आसनाने बांधलेले नसल्यास कलम १९४ ब खाली एक हजार रुपये दंडही आहे. गाडीचा सीट बेल्ट धड असेल, तर जुन्या गाडीतही कार सीट भक्कम बसवता येते.

म्हणूनच सीट विकत घेण्यापूर्वी गाडीचा बेल्ट तपासावा. मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या कडा उसवल्या आहेत का, उन्हाने धागे कडक झाले आहेत का, उंदराने कुरतडला आहे का, हे उजेडात पाहावे. पट्टा हिसका दिल्यावर जागीच अडकला पाहिजे आणि सोडल्यावर विनासायास आत गेला पाहिजे. तो नुसता मळलेला असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवावा; मात्र फाटलेला पट्टा शिवून घेऊ नये, बदलूनच घ्यावा. आपल्याकडे आणखी एक अडचण हटकून आढळते, ती म्हणजे अॅक्सेसरीच्या दुकानात चढवलेली जाड रेक्झिनची कव्हरे. मागची बक्कले या कव्हरांखाली वर्षानुवर्षे दडपलेली असतात. ती बाहेर काढावीत आणि कार सीट जिथे ठेवायची तिथले जाड कव्हर व त्याखालचा जादा फोम शक्यतो काढून टाकावा, कारण फोम दबला की घट्ट केलेला पट्टाही ढिला पडतो.

जागा निवडताना, मूल फुटपाथच्या बाजूने चढवता-उतरवता येते म्हणून मागची डावी बाजू सोयीची. बाजूने बसणाऱ्या धक्क्याचा विचार केला तर मधली जागा अधिक सुरक्षित असते हे खरे, पण जुन्या गाड्यांत तिथे बहुधा फक्त कंबरेचा पट्टा असतो आणि आसनाला मध्ये उंचवटा असतो. खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा पट्टा जिथे आहे, तीच जागा घ्यावी. मोठ्या मुलांचा बूस्टर (गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक) तर केवळ कंबरेच्या पट्ट्यावर कधीही वापरू नये. पुढच्या आसनासमोर एअरबॅग असेल, तर मागे तोंड करून बसवायची सीट तिथे ठेवणे जीवघेणे ठरू शकते.

सीट घेताना ती गाडीच्या बेल्टने बसवता येते असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असावे. काही सीट केवळ आयसोफिक्ससाठीच बनवलेल्या असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या सीटबाबत अधिक सावध राहावे. तिथल्या गाड्यांचे बेल्ट पूर्ण ओढल्यावर कुलूपबंद होतात, आपले बहुतेक बेल्ट केवळ झटका बसल्यावर अडकतात. त्यामुळे सीटवर पट्टा पकडून ठेवणारी चाप नसेल, तर वेगळी लॉकिंग क्लिप (पट्टा सरकू न देणारी पकड) लागते. वापरलेली सीट घ्यायची असल्यास तिच्यावरची मुदत पाहावी आणि ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री असल्याशिवाय घेऊ नये.

आता प्रत्यक्ष बसवणे. सीट आसनावर सपाट ठेवून तिची पाठ मागे टेकवावी. युरोपीय मानकाच्या सीटवर मागे तोंड करून बसवताना निळ्या खुणांच्या आणि पुढे तोंड करून बसवताना लाल खुणांच्या मार्गातूनच पट्टा न्यावा. मधेच पीळ पडू देऊ नये. बक्कल लावल्यावर सीटच्या पोकळीत गुडघा टेकवून शरीराचा भार द्यावा, आधी कंबरेचा भाग आवळावा, त्यातून निघालेली ढील खांद्याच्या भागाकडे नेत रिळात जाऊ द्यावी आणि मग चाप बंद करावी. हे काम दोघांनी केले तर सोपे जाते. बक्कल सीटच्या कडेवर येऊन वाकत असेल, तर ताणाखाली ते तुटू शकते. अशा वेळी दुसऱ्या जागी बसवून पाहावे, नाहीतर सीटच बदलावी. गॅरेजमध्ये कड्या वेल्ड करून घेणे किंवा कार सीटच्या पाठीमागून येणारा वरचा पट्टा डिकीतल्या सामानाच्या हुकाला अडकवणे, हे दोन्ही उपाय साफ टाळावेत.

पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून डावी-उजवीकडे आणि पुढे हलवावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल, तर सगळे सोडून पुन्हा बसवावे. मागे तोंड असलेल्या सीटचे वरचे टोक थोडे हलते, त्याची काळजी नको. तान्ह्या बाळासाठी सीटचा कल साधारण ४५ अंश असावा, नाहीतर मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. जुन्या गाडीचे आसन मागे उतरते असेल आणि पुस्तिकेची परवानगी असेल, तर घट्ट गुंडाळलेला टॉवेल खाली ठेवून हा कल साधता येतो. किमान पंधरा महिन्यांपर्यंत, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यापुढेही, मूल मागे तोंड करूनच बसवावे. त्यासाठी पुढच्या आसनावरच्याला थोडे अडचणीत बसावे लागले तरी चालेल.

हार्नेसचे पट्टे, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधणारे सीटचे स्वतःचे पट्टे, मागे तोंड असताना मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना पातळीवर किंवा किंचित वर असावेत आणि खांद्यापाशी चिमटीत पट्ट्याची घडी धरता येऊ नये. स्वेटर काढून मग पट्टे आवळावेत आणि हवे तर वरून शाल पांघरावी. पहिल्या आठवड्यात आसनाचा फोम बसत असल्याने सीट हलवून पाहण्याची चाचणी रोज करावी, नंतर प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी. आणि गाडीला मोठा धक्का बसलाच, तर कार सीटबरोबर गाडीचा तो बेल्टही बदलावा.