वर्गात चार फोन, पोरं एकतीस: गृहपाठ कसा द्यायचा

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या झेडपी शाळेवर पाचवी-सहावी शिकवते. आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. 2020च्या जूनमध्ये मी पारावर उभं राहून विचारलं, “कोणाकडे फोन नाही?” एकानंही हात वर केला नाही. एक मुलगी तर शेजारणीच्या फोनवरून रोज गृहपाठाचा फोटो पाठवायची. दिवाळीत तिच्याच तोंडून कळलं, “बाई, काकू आधी भांडी घासून घेतेत, मग फोन देतेत.”

तेव्हापासून थेट विचारत नाही. ‘काल दिवस मावळल्यावर घरात काय काय झालं’ यावर पाच ओळी लिहायला लावते. फोन कोणाचा, बाप कधी येतो, भाऊ गेम सोडत नाही, सगळं त्यात येतं. मग माझ्या वहीत तीन रकाने: फोन कोणाचा, पोराच्या हाती किती वाजता, रिचार्ज चालू की संपलेला. तिसरा रकाना गाळू नका. माझ्या वर्गात फोन असून रिचार्ज नसलेलीच घरं जास्त निघाली.

फोनशिवाय होणार नाही असा गृहपाठ द्यायचाच नाही. ग्रुपवर टाकायचं ते आधी फळ्यावर लिहा. शाबासकी मात्र वर्गातच द्या. ग्रुपवर अंगठा मिळालेली पोरं दुसऱ्या दिवशी पुढच्या बाकावर सरकतात आणि बाकीची मागं, हे मी पाहिलंय.

व्हिडिओसाठी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमधून स्कॅन करा. मी तालुक्याला गेले की डाउनलोड करून आणते, मग शाळेत नेट लागत नाही. माझा फोन, सरांचा एक आणि गावातून मागून आणलेले जुने दोन. एका फोनला चार पोरं, दोन पाळ्यांत वर्ग बसतो. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं तो धरायचा. घरी असलेल्यानं नुसतं तोंडानं सांगायचं, बोट लावायचं नाही. पहिल्या दिवशी नवखं पोर स्क्रीन इतकी दाबून धरतं की भलतंच काहीतरी उघडतं आणि बाकीचे खिदळतात. फोन काढून घेऊ नका. ‘मागं कसं यायचं’ एवढंच दाखवा.

दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्यांवर जातात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापामागं जातात. गाडी निघायच्या आधी बापाचा आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाचा, दोन्ही नंबर घ्या. बटणांच्या फोनवरही कॉन्फरन्स कॉल लागतो. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, लाइट नसते, म्हणून बॅटरी असेल तेव्हा त्यांनी मिस कॉल द्यायचा, मी लावते. एकानं कवितेची ओळ म्हणायची, दुसऱ्यानं पुढची. दहा मिनिटं पुरतात.

आता मुली. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या 2023च्या अहवालात 14 ते 18 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी 43.7 टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी 19.8 टक्क्यांकडे. पालकसभेत हे आकडे कोणी ऐकत नाही. मी एवढंच विचारते, “पोरगी अर्धा तास फोन घेऊन ओट्यावर, सगळ्यांसमोर बसली तर चालंल का?” ‘सगळ्यांसमोर’ म्हणायला मला आवडत नाही, पण त्यावरच बाप मान हलवतात. वेळ सहाचीच मागा. सातला तिला भाकरी टाकायला हाक येते आणि फोन भावाकडे जातो.