जुना बोलिंग बॉल खेळता करताना

जुना बॉल हाती आला की आधी बोटांच्या भोकांच्या कडेने नख फिरवा. नख अडकलं तर तडा आहे. तो बॉल शोभेला ठेवा. माझा १९७०च्या दशकातला कोलंबिया ३०० या कंपनीचा यलो डॉट हा पॉलिएस्टरचा बॉल सुदैवाने धड निघाला. पॉलिएस्टर बोलिंगच्या लेनवर लावलेलं तेल फारसं पीत नाही, त्यामुळे कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब नि मऊ फडकं पुरे. काळा रबरी बॉल असेल तर पुसताना गंधकाचा वास येऊ शकतो. मला तर तो आवडतो!

आधीच्या मालकाची भोकं आपल्या बोटांना क्वचितच बसतात. ती बुजवून नव्याने पाडून घ्या, पण कारागिराला बजावा, कोरलेल्या नावाला धक्का नको. माझ्या एका बॉलचं अर्धं नाव असंच गेलं. आणि तापलेल्या गाडीच्या डिकीत बॉल कधीच ठेवू नका.