मेंदूतल्या गाठीची रेडिओसर्जरी: फाइल, फ्रेम आणि नंतरचं वर्ष

नावात सर्जरी असली तरी इथे चिरफाड नाही. किरणांचे बारीक झोत अनेक दिशांनी येतात. एकटा झोत वाटेतल्या मेंदूला फारसा धक्का लावत नाही, पण सगळे गाठीत एकत्र आले की मात्रा मोठी होते. गॅमा नाइफच्या नव्या यंत्रांत कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात, तर लिनॅक आणि सायबरनाइफ ही यंत्रं क्ष-किरण वापरतात. घरात वाद यंत्राच्या नावावर होतो, खरा प्रश्न गाठीची जागा आणि आकार हा असतो.

साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतची, कडा स्पष्ट असलेली गाठ यासाठी योग्य: अकूस्टिक न्यूरोमा (कानाकडे जाणाऱ्या नसेवरची साधी गाठ), कवटीच्या तळाचा मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगाच्या लहान गाठी. मेंदूत पाणी साठलं असेल किंवा गाठीचा दाब जीव धोक्यात आणत असेल तर आधी ऑपरेशन. किरणांनी गाठ लगेच लहान होत नाही, दाब तसाच राहतो. उरलेल्या तुकड्यावर रेडिओसर्जरी नंतर करता येते.

साताऱ्याहून, सोलापूरहून पुण्यात दाखवायला येताना फक्त फिल्म आणू नका. एमआरआयची सीडी हवी, तीही डायकॉम (तपासणीच्या मूळ डिजिटल चित्रांच्या) स्वरूपात, आणि जुन्या सगळ्या तपासण्यांची. गाठ वाढते आहे की वर्षानुवर्षं तशीच आहे, हे तुलनेवरच ठरतं. सीडी उघडते का ते तपासणी केंद्रातच पाहून घ्या. सोबत क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट ठेवा. पेसमेकर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भधारणेची शक्यता आधीच सांगा. विमा किंवा सरकारी योजनेची मंजुरी लेखी मिळाल्यावरच तारीख पक्की करा. मुक्कामाची तारीख विसर्जनाच्या दिवशी येऊ देऊ नका, शहराच्या मध्यातले रस्ते बंद असतात.

उपचाराचा कणा म्हणजे नियोजनाचा एमआरआय. साध्या निदानाच्या तपासणीत काप ५ मिलिमीटरचे असू शकतात. इथे कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन) १ मिलिमीटरचे, मध्ये फट नसलेले काप लागतात. जाड कापांत गाठीची कड हरवते आणि कड चुकली की मात्रा चुकीच्या जागी जाते. पसरलेल्या कर्करोगाच्या गाठी झपाट्याने बदलतात, म्हणून हा एमआरआय शक्यतो आठवडाभरातलाच हवा.

उपचारात डोकं हलू नये म्हणून एक फ्रेम लावतात. ती लावताना चार ठिकाणी भुलेची इंजेक्शनं देतात आणि चार स्क्रूंनी ती कवटीला पक्की बसवतात. टोचण्यापेक्षा दाब जास्त जाणवतो, तो काही मिनिटांत कमी होतो. केस काढावे लागत नाहीत. उपचार अनेक बैठकांत असेल तर फ्रेमऐवजी प्लास्टिकचा मास्क असतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने चेहरा सुजला की तो घट्ट होतो, वजन घटलं की सैल. दोन्ही तंत्रज्ञाला लगेच सांगा.

किरणांची मात्रा ग्रे या एककात, गाठीच्या कडेवर मोजतात. अकूस्टिक न्यूरोमाला एकाच वेळी साधारण १२ ते १३ ग्रे, पसरलेल्या कर्करोगाच्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला २० ते २४ ग्रे, ३ ते ४ सेंटिमीटरच्या गाठीला १५ ग्रेच्या आसपास. डोळ्याच्या नसेवर मात्र साधारण ८ ते १० ग्रेच्या वर जाऊ देत नाहीत. गाठ नसेला चिकटलेली असेल तर २५ ग्रे पाच बैठकांत विभागून देण्याचा मार्ग निवडतात. ‘आमच्या गाठीपासून डोळ्याची नस किती मिलिमीटरवर आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

घरी आल्यावर स्क्रूच्या जागा कोरड्या ठेवा. कपाळ, पापण्या एक-दोन दिवस सुजू शकतात. फिटच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. स्टेरॉइड मनाने थांबवायचं नाही, डॉक्टर सांगतील तसंच उतरवत आणायचं. मधुमेह असेल तर ते चालू असेपर्यंत साखर रोज बघा.

इथपर्यंत सगळं नीट झालं तरी पहिल्या वर्षातला रिपोर्ट घाबरवतो. अकूस्टिक न्यूरोमा साधारण ६ ते १८ महिन्यांत तात्पुरता फुगू शकतो, मधला भाग काळा दिसतो. तेवढ्यावरून पुन्हा ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका. इथे यश म्हणजे गाठ वाढायची थांबणं, नाहीशी होणं नव्हे. पसरलेल्या कर्करोगात दर २ ते ३ महिन्यांनी एमआरआय करतात. तिथे सूज आणि नवी वाढ सारखीच दिसू शकते, तेव्हा परफ्यूजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) किंवा पेट स्कॅनची (पेशींची हालचाल दाखवणाऱ्या तपासणीची) मदत घेतात.

फिट येणं, उलट्यांसह वाढती डोकेदुखी, एका बाजूची कमजोरी, गुंगी यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जवळच्या कॅज्युअल्टीत जा. उपचाराचा सारांश आणि शेवटच्या एमआरआयची सीडी सोबत घ्या.