डीएसच्या फ्लॅश कार्ट्रिजसाठी मेमरी कार्ड घेताना

निन्टेंडो डीएस या हातातल्या गेम कन्सोलवर होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्राम, चालवायचे असतील तर फ्लॅश कार्ट्रिज (मेमरी कार्ड बसवता येणारं गेम कार्ट्रिज) लागतं; त्यात घालायचं मायक्रोएसडी कार्ड आधी नीट निवडा. माझ्या मते निम्मा त्रास तिथेच वाचतो. आर४ या फ्लॅश कार्ट्रिजच्या मूळ आवृत्तीला २ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं. एसडीएचसी (२ जीबीहून मोठ्या कार्डांचा प्रकार) चालणारं कार्ट्रिज असेल तर ३२ जीबीपर्यंतचं घ्या. ते संगणकावर फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करा, फॉरमॅट करताना अ‍ॅलोकेशन युनिट साइज ३२ केबी ठेवा. कार्ड स्वस्तात मिळालं असेल तर एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने आधी तपासाच. नकली कार्डं क्षमता फुगवून दाखवतात, आणि ती खरी मर्यादा ओलांडली की फायली गुपचूप खराब होतात. कार्ड आधीपासून वापरात असेल तर फॉरमॅट करण्यापूर्वी एसएव्ही (.sav) फायली संगणकावर उतरवून ठेवा; खेळातली सगळी प्रगती त्यांतच असते.